चाचा कोण, दस्तक कोणाचे? : सॉफ्टवेअर, नक्कल आणि कायदा यांचा इतिहास

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय कायद्याचा आहे आणि मी वकील नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे माझी खोड अशी की कायद्याचं कलम दिसलं की त्यातला शब्द उचलायचा आणि तो इथे कुठून आला हे विचारायचं. आज तेच करायचं आहे. प्रश्न साधा आहे. कोणीतरी एक सॉफ्टवेअर विकत घेतलं, दुसऱ्याने त्याची प्रत काढून घेतली. ही चोरी झाली का? चोरी नसेल, तर मग ते नेमकं काय आहे?

एक शब्द आणि दोन मराठी प्रतिशब्द

आपण 'पायरसी' म्हणतो. पायरेट म्हणजे समुद्रावरचा लुटारू, आपल्या जुन्या भाषेत चाचा. हा शब्द आपल्या किनाऱ्याला नवा नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोकणात कान्होजी आंग्रे होते, मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. त्यांचं म्हणणं असं की या पाण्यातून व्यापारी जहाज न्यायचं तर आमचं दस्तक घ्या. दस्तक म्हणजे परवाना. ईस्ट इंडिया कंपनी ते घ्यायला तयार नव्हती, मग जहाजं पकडली जायची, आणि कंपनीच्या कागदांत आंग्रे 'पायरेट' ठरले. गंमत बघा, पोर्तुगीजांनी ह्याच समुद्रावर 'कार्ताझ' नावाचे परवाने शतकाहून अधिक काळ घ्यायला लावले होते. ते मात्र राज्यकारभारात मोडलं!

यावरून समुद्रावर लूट होतच नव्हती असं कोणी समजू नये. होत होती. मुद्दा एवढाच की 'चाचा' हा शब्द नुसतं वर्णन करत नाही, तो निकाल देतो. दस्तक द्यायचा अधिकार कोणाचा, हा खरा वाद असतो, आणि तो शब्द वापरला की वाद सुरू व्हायच्या आधीच संपतो.

आता आपले दोन प्रतिशब्द घ्या. कॉपीराइटला मराठीत 'स्वामित्वहक्क' म्हणतात आणि 'प्रताधिकार' असंही म्हणतात. आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नाहीत. स्वामित्वहक्क म्हणजे मालकी, शेताची असते तशी. प्रताधिकार म्हणजे प्रती काढण्याचा अधिकार, म्हणजे एका विशिष्ट कृतीपुरता, कायद्याने दिलेला. पहिला शब्द धरला तर नक्कल करणारा चोर ठरतो. दुसरा धरला तर तो नियम मोडणारा ठरतो. गेल्या तीनशे वर्षांचा सगळा इतिहास ह्या दोन शब्दांमधल्या ओढाताणीचा आहे, असं माझं मत आहे. आता ते मला दाखवून द्यायला हवं.

पुस्तकांचं भांडण

१७१० साली, म्हणजे आंग्रे कुलाब्याला होते त्याच काळात, इंग्लंडमध्ये राणी ॲनच्या नावाने ओळखला जाणारा कायदा लागू झाला. तोवर लंडनच्या छापखानेवाल्यांच्या संघाकडे पुस्तकं छापण्याची मक्तेदारी होती. नव्या कायद्याने हक्क लेखकाला दिला आणि मुदत घातली. चौदा वर्षं, आणि लेखक हयात असेल तर आणखी चौदा.

लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांना ही मुदत मान्य नव्हती. त्यांचा युक्तिवाद होता की कायद्याने काही का म्हणेना, लेखकाने कष्ट केलेत, म्हणून कृती त्याची. त्याने ती आम्हाला विकली, म्हणून ती आमची, आणि मालकीला कुठे मुदत असते? शेत काय चौदा वर्षांनी गावाचं होतं? हा जॉन लॉकचा विचार. ज्यात मी माझे श्रम मिसळले ते माझं. एडिंबरोच्या अलेक्झांडर डोनाल्डसनने मुदत संपलेल्या पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या काढल्या तेव्हा लंडनवाल्यांनी त्याला चाचा ठरवलं आणि कोर्टात खेचलं. १७७४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की छापून प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरचा हक्क कायम नाही, कायदा देतो तेवढाच आहे. म्हणजे आपल्या शब्दांत, स्वामित्व हरलं आणि प्रताधिकार जिंकला.

अकरा वर्षांनी, १७८५ मध्ये, इमॅन्युएल कांटने बर्लिनच्या एका मासिकात छोटा निबंध लिहिला. कांट म्हटलं की आपले विद्यार्थी घाबरतात, पण हा निबंध अगदी व्यवहारी आहे. तो म्हणतो की पुस्तक दोन गोष्टी असतं. एक, कागदाची वस्तू. ती विकत घेतली की घेणाऱ्याची. दोन, लेखकाचं लोकांशी बोलणं. प्रकाशक हा लेखकाचा मुखत्यार, त्याच्या नावाने बोलणारा. परवानगीशिवाय छापणारा माणूस मुखत्यारपत्र नसताना दुसऱ्याच्या नावाने बोलतो. अपराध हा आहे. त्याने कागद चोरला नाही, वस्तू चोरली नाही. दुसऱ्याच्या बोलण्याचा ताबा घेतला.

लॉक आणि कांट ही दोन नावं लक्षात ठेवा. पुढे दोघंही लागणार आहेत.

मधला शंभर वर्षांचा काळ मी चटकन ओलांडतो, पण एक गोष्ट सांगून. अमेरिकेने १८९१ सालापर्यंत परदेशी लेखकांना संरक्षणच दिलं नाही. इंग्रजी कादंबऱ्या तिथे राजरोस, विनामोबदला छापल्या जात. चार्ल्स डिकन्स १८४२ साली तिथे गेला आणि जाहीर भाषणांत त्याने हा विषय काढला, तर तिथल्या वृत्तपत्रांनी त्यालाच लोभी ठरवलं. पुढे हाच देश जगाला प्रताधिकाराचे धडे देऊ लागला. देश गरजू असतो तेव्हा नक्कल म्हणजे ज्ञानप्रसार असतो, आणि विकायला माल तयार झाला की तीच चोरी होते.

कागदी फितीवरचं बेसिक

आता आपण १९७५ सालात येऊ. त्याआधी सॉफ्टवेअर ही वेगळी विकायची वस्तू आहे असं फारसं कोणी मानत नव्हतं. यंत्र घेतलं की त्याबरोबर ते येई. आयबीएमने १९६९ मध्ये सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी लावायचं जाहीर केलं, आणि तिथून एक नवा बाजार उभा राहू लागला.

जानेवारी १९७५ मध्ये अल्टेअर ८८०० नावाचा, घरी जोडता येणारा संगणक अमेरिकेतल्या एका मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. बिल गेट्स आणि पॉल ॲलन ह्या दोन तरुणांनी त्यासाठी बेसिक ह्या भाषेचा प्रोग्रॅम लिहिला. मॉन्टे डेव्हिडॉफ नावाच्या तिसऱ्यानेही त्यात काम केलं. प्रोग्रॅम छिद्रं पाडलेल्या कागदी फितीवर असे. कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींच्या हाती एक फीत लागली आणि त्यांच्या क्लबात प्रती वाटल्या गेल्या. तिथला अलिखित नियम असा सांगतात की एक प्रत न्यायची, आणि पुढच्या वेळी दोन परत आणायच्या. आपल्याकडे पोथ्या उतरवून घ्यायची चाल होती, त्याचीच आठवण होते.

३ फेब्रुवारी १९७६ रोजी गेट्सने हौशी मंडळींना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. त्यात चोरी हाच शब्द आहे. त्याचं म्हणणं असं: आम्ही वापरलेल्या संगणकवेळेची किंमतच चाळीस हजार डॉलरच्या वर जाते. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतलं. आमच्या तासाला दोन डॉलरही सुटत नाहीत. मग चांगलं सॉफ्टवेअर फुकट कोण लिहील?

हा युक्तिवाद कोणाचा? लॉकचा. श्रम केले, म्हणून माझं. आणि मला तो मुळीच टाकाऊ वाटत नाही. ज्याने रात्री जागवल्या त्याला पोटाला मिळालं पाहिजे, हे सांगायला गेट्स कशाला लागतो, आपल्याकडच्या कुठल्याही बलुतेदाराने सांगितलं असतं. पण दुसरी बाजूही त्याच खोलीत होती. ही बेसिक भाषा मुळात डार्टमथ कॉलेजातल्या केमेनी आणि कर्ट्झ ह्या दोन प्राध्यापकांनी १९६४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी तयार केली आणि मोकळी ठेवली. ती संगणकवेळ हार्वर्ड विद्यापीठाच्या यंत्रावरची होती. म्हणजे श्रम मिसळले खरे, पण कशात मिसळले? ज्या जमिनीत मिसळले ती आधीच गावकीची होती. लॉकने स्वतःच अट घातली होती की इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे.

शिवाय शेत आणि प्रोग्रॅम यांत एक फरक आहे, तो लपवता येत नाही. माझी सायकल कोणी नेली तर मला पायी जावं लागतं. माझ्या प्रोग्रॅमची प्रत कोणी नेली तर माझा प्रोग्रॅम माझ्याकडेच असतो. गेलं काय? मिळू शकणारी किंमत. ते नुकसान खरं आहे, पण त्याची जात वेगळी आहे.

यंत्राशी बोललेलं साहित्य

अमेरिकेने १९७४ मध्ये एक आयोग नेमला. प्रोग्रॅमला कोणत्या कायद्यात बसवायचं, हे त्याने ठरवायचं होतं. १९७८ चा अहवाल म्हणाला, साहित्यकृती म्हणून बसवा. १९८० मध्ये कायदा तसा झाला. ह्या आयोगावर एक कादंबरीकार होता, जॉन हर्सी, 'हिरोशिमा' लिहिणारा. त्याने असहमती नोंदवली. तो म्हणाला की पुस्तक माणसाशी बोलतं. यंत्राच्या भाषेतला प्रोग्रॅम माणसाशी काहीच बोलत नाही, तो यंत्र चालवतो. त्याला साहित्य कसं म्हणायचं?

ऐकलंत? हा कांट आहे! प्रताधिकाराचा पाया लेखकाचं लोकांशी बोलणं हा असेल, तर जे कोणालाही वाचता येत नाही, किंबहुना वाचता येऊ नये म्हणूनच मूळ रूप लपवून विकलं जातं, त्याला तो पाया मिळत नाही. आयोगात एक साहित्यिक होता आणि साहित्याच्या यादीत प्रोग्रॅम घालायला नेमका तोच नाही म्हणाला. त्याचं कोणी ऐकलं नाही. १९८३ मध्ये ॲपल आणि फ्रँकलिन यांच्या खटल्यात यंत्रभाषेतल्या प्रोग्रॅमलाही प्रताधिकार आहे असा निकाल झाला, आणि १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे हे सगळ्या सदस्य देशांवर आलं.

त्याच १९८३ सालच्या सप्टेंबरात रिचर्ड स्टॉलमनने ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. त्याने केलेली युक्ती मला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार मोलाची वाटते. त्याने प्रताधिकार नाकारला नाही, तोच वापरून परवाना लिहिला: घ्या, वाचा, बदला, वाटा; पण पुढे वाटताना हेच स्वातंत्र्य पुढच्याला द्या. दस्तक देण्याचा अधिकार हातात घ्यायचा आणि 'कोणालाही अडवू नका' एवढंच त्यावर लिहायचं. पुढे लिनक्स ह्याच परवान्याखाली वाढलं. आपल्या खिशातल्या बहुतेक फोनांच्या मुळाशी ते आहे.

आपला कायदा काय म्हणतो

आपला प्रताधिकार कायदा १९५७ चा. १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅम 'साहित्यकृती'च्या व्याख्येत आला. म्हणजे कायद्याच्या नजरेत पगारपत्रक काढणारा प्रोग्रॅम आणि कादंबरी एकाच फळीवर.

१९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब आलं. प्रत बेकायदा आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून कैद टाळू शकतं आणि दंड पन्नास हजारांपर्यंत ठेवू शकतं. शिक्षा लहान नाही. पण शब्द पाहा. तिथे 'चोरी' नाही, प्रताधिकाराचा 'भंग' आहे. चोरीची व्याख्या भारतीय दंडसंहितेत होती, आता न्यायसंहितेत आहे, आणि दोन्हीकडे गाभा एकच: जंगम वस्तू दुसऱ्याच्या कब्जातून हलवणं. प्रत काढल्याने कब्जा हलत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही १९८५ मध्ये एल्विस प्रेस्लीच्या गाण्यांच्या अनधिकृत तबकड्यांचं प्रकरण आलं होतं, आणि त्यांनीही म्हटलं की चोरीच्या मालाचा कायदा इथे सरळ लागू होत नाही.

आपल्या कायद्याची दुसरी बाजू फार कमी लोक वाचतात. कलम ५२. प्रोग्रॅमची वैध प्रत ज्याच्याकडे आहे त्याला जपून ठेवण्यासाठी दुसरी प्रत काढता येते. वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठीही काढता येते. तो प्रोग्रॅम कसा चालतो हे अभ्यासता येतं. आणि दुसऱ्या प्रोग्रॅमशी त्याचं जुळावं म्हणून लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती काढून घेता येते. ही कलमं वापरणाऱ्यावर केलेली मेहेरबानी नाही. प्रताधिकाराची हद्द कुठे संपते, ते ती सांगतात.

कुलूप

आता विषयाचा जो भाग मला खरोखर अस्वस्थ करतो, तिकडे येतो. १९९८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला. त्याने नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप तोडणं हाच गुन्हा ठरवला, मग आत जाऊन तुम्ही वैध काम करणार असलात तरी, काही थोडे अपवाद सोडून. २००१ मध्ये दिमित्री स्क्ल्यारोव्ह हा रशियन प्रोग्रॅमर अमेरिकेत व्याख्यान द्यायला आला असताना त्याला अटक झाली. त्याने ई-पुस्तकांचं कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रॅमवर काम केलं होतं. पुढे त्याच्या कंपनीला ज्यूरीने निर्दोष ठरवलं, पण धाक बसायचा तो बसला. आणि २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलवरून विकत घेतलेली पुस्तकं दुरूनच पुसली, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले. पुस्तकं कोणती? जॉर्ज ऑर्वेलची, त्यात '१९८४' सुद्धा!

इथे कांटचं पहिलं वाक्यच कोसळतं. कागदाची वस्तू घेणाऱ्याची, असं तो म्हणाला होता. आता घेणाऱ्याकडे वस्तूच उरत नाही, नुसतं दस्तक उरतं, आणि ते केव्हाही मागे घेता येतं. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं की डब्यात घालून विकलेलं सॉफ्टवेअर हा 'माल' आहे, त्यावर विक्रीकर लागतो. विक्रीकर भरायला ती विक्री. पण परवान्याचा मजकूर वाचा, तिथे लिहिलेलं असतं की तुम्हाला काहीही विकलेलं नाही. आमच्या २०१२ च्या दुरुस्तीतलं कुलुपाचं कलम, ६५-अ, त्यातल्या त्यात बरं आहे. कुलूप हक्कभंग करण्याच्या इराद्याने तोडलं तरच तो गुन्हा.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर मराठीचं उदाहरण देतो. १९९० च्या दशकात मराठी मजकूर संगणकावर जुळवला जाऊ लागला तेव्हा बहुतेक फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची बसवणूक वेगळी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण छपाईच्या धंद्यात ती यायला फार वर्षं लागली. तोवर जुळवलेली पुस्तकं, दिवाळी अंक, प्रबंध त्या त्या फॉन्टात अडकले. फॉन्ट चालवायला हार्डवेअरचं कुलूप लागे, संगणकाच्या मागे खोचायचं. माझ्या स्वतःच्या वर्गटिपणांची एक सीडी आहे. उघडली की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. मजकूर माझा, श्रम माझे, पैसे भरलेले. आणि वाचायचा तर परवाना त्यांचा, तोही आता कोणी देत नाही.

मग अशा मजकुराची सुटका कोणी केली? फॉन्टाची बसवणूक अभ्यासून, कोणत्या अक्षराच्या जागी काय आहे याची कोष्टकं करून, मजकूर युनिकोडमध्ये आणणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी. त्यातले कितीतरी जण हौशी होते. जुळणीसाठी माहिती काढून घेण्याचं जे कलम मघाशी सांगितलं, ते अशा कामासाठीच असावं लागतं. ते नसतं तर ही माणसं चाचे ठरली असती.

म्हणून माझं म्हणणं असं. परवानगीशिवाय विकण्यासाठी प्रती काढणारा अन्याय करतो, त्यात मला शंका नाही. कष्ट करणाऱ्याचं देणं तो बुडवतो. पण त्याला 'चोर' म्हटलं की कायदा मालकीच्या भाषेत बोलू लागतो, मालकीला मुदत नसते, मालकीला अपवाद नसतात, आणि मग वाचणारा, शिकणारा, जतन करणारा हे सगळे त्याच पिंजऱ्यात उभे राहतात. तेव्हा आपल्या भाषेने दिलेला नेमका शब्द वापरावा. प्रताधिकार. जेवढा दिला तेवढाच, ज्या कारणासाठी दिला त्याच कारणासाठी.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

प्रश्न: इंटरनेटवर अनधिकृत सिनेमा नुसता पाहणं हाही गुन्हा आहे का?

उत्तर: २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे हे आलं होतं. बंद केलेल्या संकेतस्थळांवर जो इशारा दिसायचा, त्यावरून पाहणं हाच गुन्हा आहे असं लोकांना वाटे. न्यायालयाने स्पष्ट केलं की गुन्हा नुसत्या पाहण्यात नाही, वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्यात आहे. सॉफ्टवेअरला मात्र ६३-ब मुळे जाणूनबुजून केलेला वापरही गुन्हा आहे. हा भेद विसरू नका. आणि गुन्हा नाही म्हणजे योग्य आहे, असंही समजू नका. नीतिशास्त्र कायद्याच्या कुंपणाला संपत नाही.

प्रश्न: विद्यार्थ्याकडे पैसे नसतील तर त्याने काय करायचं?

उत्तर: पुस्तकांच्या बाबतीत दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्सच्या खटल्यात उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की अध्यापनासाठी लागणारे उतारे एकत्र करून त्यांच्या प्रती देणं हा भंग नाही. तीन मोठे प्रकाशक विरुद्ध बाजूला होते, त्यांनी पुढच्या वर्षी दावा मागे घेतला. सॉफ्टवेअरचं म्हणाल, तर मी विद्यार्थ्याला नाही, त्याच्या कॉलेजला विचारीन. लिनक्स आहे, लिब्रेऑफिस आहे. तुम्ही अभ्यासक्रमात एका कंपनीच्या प्रोग्रॅमचं नाव घालता, मग मुलाने तो कुठून आणला हे बघत नाही. आधी मुलाला पाण्यात ढकलायचं, आणि मग त्याच्या हातात दस्तक नाही म्हणून त्याला चाचा म्हणायचं, हे बरोबर नाही. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीत तुमच्यापैकी कोणी असाल, तर पुढच्या बैठकीत हे जरूर मांडा.